फाटकापाशी थांबलेली गाडी

परांचीवरून पडून गेलेल्या तरुण रंगाऱ्याचं दफन चर्चच्या पाळकांनी इतकं नीट पार पाडलं, की कबरस्तानातून बाहेर पडताना लोक हळू आवाजात पाळकांचीच वाखाणणी करत होते. आवाज कुठे कापला नाही, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. रंगाऱ्याच्या आईला दोघींनी धरून आणलं, तेव्हा तिने पाळकांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून मी उभी राहिले." पाळकांनी मान हलवली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अशा वेळी जे म्हणायचं असतं ते म्हटलं.

त्या वेळी त्यांच्या मनात गाडीचं मागचं चाक होतं. सकाळी हवा कमी वाटली होती. पंक्चर असेल की नुसती हवा उतरली असेल, याचा ते विचार करत होते.

घरी येऊन ते जेवले. पोटभर जेवले, पुन्हा वाढून घेतलं. त्यांची बायको समोर बसून बघत होती. ती जवळच्या इस्पितळात एक्स-रे विभागात काम करायची. माणसांकडे न बोलता बघत राहायची सवय तिला कामामुळे लागली होती.

"त्याची आई कशी होती?" तिने विचारलं.

"ठीक होती," पाळक म्हणाले. "जरा मीठ दे."

बायकोने मीठ दिलं. एक काळ असा होता की हाच माणूस दफनावरून आला की जेवणाच्या ताटाकडे बघायचाही नाही. पहिल्या वर्षांत एका तान्ह्या बाळाला माती देऊन आल्यावर तो चर्चच्या मागच्या पायऱ्यांवर बसून रडत राहिला होता. तिने जाऊन हाताला धरून घरात आणलं होतं. चर्चच्या मंडळीतले लोक थट्टेने म्हणायचे, आमचे पाळकसाहेब दुसऱ्याच्या तापाने फणफणतात. तेव्हा तिला त्याची काळजी वाटायची. आता तो नीट जेवत होता, आणि तिला त्याहून जास्त काळजी वाटत होती.

हे कधी सुरू झालं, हे पाळकांना सांगता आलं नसतं. आज होतं आणि उद्या गेलं, असं काही झालं नव्हतं. मंडळी मोठी होती आणि पाळक एकटे. आजाऱ्यांच्या भेटी, लग्नं, भांडणं, गळकं छत, गायनसंघातल्या दोन बहिणींमधला मायक्रोफोनवरून पेटलेला वाद, शाळेच्या दाखल्यासाठी शिफारस, दारू सुटावी म्हणून रडत आलेला नवरा आणि तो परत प्यायला म्हणून रडत आलेली त्याची बायको. ते सुट्टी घेत नसत. "मी सुट्टी घेतली की हमखास कुणीतरी मरतं," असं ते हसत सांगायचे, आणि लोकही हसायचे. पुढे पुढे हे वाक्य ते न हसता म्हणू लागले. हा फरक कुणाच्या लक्षात आला नाही.

उपदेश तयार करण्यासाठी ते पूर्वी शनिवारचा सगळा दिवस दार लावून बसत. आता जुने उपदेश काढून तारीख बदलत. एकदा जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, आज तू तोच हरवलेल्या मेंढराचा उपदेश दिलास ना?"

"कशावरून?"

"'आणि मेंढपाळाने मागे वळून पाहिलं...' असं म्हणून तू जिथे थांबतोस, तिथे तू चष्मा काढतोस. मला आधीच कळतं. मी पण माझा काढते." ती कॉलेजला जाणारी मुलगी, तिला नकला छान जमायच्या. तिने चष्मा काढला, डोळ्यांच्या कडा पुसल्यासारखं केलं, आणि हुबेहूब त्यांच्या आवाजात एक उसासा टाकला.

बायको हसली. पाळकही हसले. पण दुसऱ्या रविवारी पुलपिटवर, उपदेशाच्या चौथऱ्यावर, उभे असताना त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. समोर तिसऱ्या बाकावर एक म्हातारा खरोखर डोळे पुसत होता. पाळकांना वाटलं, आपण या माणसाला फसवतोय. मग पुढचं वाक्य तोंडातून आलं, आणि त्याच्या पुढचंही. पाट्या टाकायच्या म्हटलं तरी त्यांच्या पाट्या भरलेल्या असायच्या; इतक्या वर्षांचा सराव होता.

त्यानंतर गाडीचं ते सुरू झालं.

एखाद्या आजाऱ्याच्या घरी जायला ते निघत, घरासमोर गाडी थांबवत, इंजिन बंद करत आणि बसून राहत. उतरायचं, बेल वाजवायची, चपला काढायच्या, "काय म्हणते तब्येत" विचारायचं, ऐकायचं, प्रार्थना करायची, एवढंच काम. पण दाराच्या खटक्यापर्यंत हात जायचा नाही. अंगात ताप नसायचा, कुठे दुखत नसायचं. नुसतं वाटायचं की आत गेलो तर ती माणसं माझ्याकडून काहीतरी मागतील आणि माझ्याकडे द्यायला काही नाही. थोडा वेळ असा गेला की ते गाडी सुरू करत आणि पुलापलीकडे जाऊन रस्त्याच्या कडेला उभे राहत. परत आल्यावर कुणी विचारलं तर म्हणत, "जाऊन आलो." पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. नंतर अंगवळणी पडलं.

मंडळीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. निम्म्या मंडळीने त्यांच्या हाताखाली पाढे घोकले होते. एकट्या राहायच्या, बैठ्या घरात, गल्लीच्या टोकाला. गुडघ्यांमुळे त्यांचं उपासनेला येणं बंद झालं होतं, म्हणून पाळकांनी आठवड्यातून एकदा जावं असं ठरलं होतं. एका रविवारी दुपारी पाळक त्यांच्या फाटकापाशी गेले. गाडी थांबवली. खिडकीचा पडदा हलला, तो वाऱ्याने हलला असं त्यांनी स्वतःला सांगितलं. स्टिअरिंगवर हात ठेवून ते बसून राहिले. मग निघून गेले.

गुरुवारी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांची बैठक होती. चर्चच्या लांबट खोलीत टेबलाभोवती सगळे बसले होते. मंडळीचे सचिव औषधांचं दुकान चालवायचे. तुटक बोलणारा, कामाचा माणूस. छताचं झालं, गायनसंघाचं झालं, मग त्यांनी विचारलं, "बाईंकडे कुणाचं जाणं झालं का?"

"मी गेलो होतो," पाळक म्हणाले. "रविवारी दुपारी."

"कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. गुडघे दुखतात म्हणाल्या. बाकी बऱ्या आहेत."

सचिवांनी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. मग पुढचा विषय घेतला. बैठक संपून सगळे पांगल्यावर, जिथे उपासनेचे झगे टांगलेले असतात त्या खोलीत ते पाळकांच्या मागोमाग आले आणि दार लोटून घेतलं.

"साहेब, रविवारी दुपारी बाई त्यांच्या घरात जमिनीवर पडल्या होत्या. शेजारीण संध्याकाळी गेली तेव्हा कळलं. खुब्याचं हाड मोडलंय. तेव्हापासून इस्पितळात आहेत."

पाळकांनी टांगलेल्या एका झग्याची बाही सारखी केली.

"त्यांचा एक्स-रे तुमच्याच बाईसाहेबांनी काढलाय," सचिव म्हणाले. "आणि तुम्ही सगळ्यांसमोर मला सांगता, बऱ्या आहेत?"

"मला ठाऊक नव्हतं."

"ते दिसतंच आहे." सचिवांनी दाराला हात लावला. त्यांना राग आला होता, पण रागापेक्षा ते गोंधळले जास्त होते. "मी कुणाला सांगत नाही. पण माझ्या बापाच्या शेवटच्या आजारात तुम्ही रोज यायचात. तो माणूस आणि हा माणूस माझ्या डोक्यात एकत्र बसत नाहीये."

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बाई इस्पितळात आहेत, हे तू मला सांगितलं नाहीस," पाळक म्हणाले.

तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. "रविवारी आल्याआल्या सांगितलं. तुम्ही इथे, याच खुर्चीत होतात. मी म्हटलं, बाई पडल्या, खुबा मोडला, हात धरून माझ्याशी बोलत होत्या. तुम्ही 'हं' म्हणालात. मग विचारलंत, उद्या पाणी किती वाजता येणार."

पाळक खुर्चीत बसले. त्यांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. पाण्याचं आठवत होतं.

"मी वाट बघत होते," ती म्हणाली. "म्हटलं, उद्या जातील भेटायला. परवा जातील. चार वेळा त्यांनी मला विचारलं, साहेब कामात आहेत का म्हणून. मी हो म्हणत राहिले. तुमच्यासाठी मीही खोटं बोलले."

"मी थकलोय गं," ते म्हणाले.

"ते मला दिसतंय. वर्षभर दिसतंय. मोडलेलं हाड मला फिल्मवर दाखवता येतं, हे कुठल्या फिल्मवर दाखवू?" तिने परत टॉवेल उचलला. "उद्या आधी बाईंकडे जा. माझ्याशी नंतर बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्पितळात गेले. स्त्रियांच्या वॉर्डमध्ये खिडकीजवळची खाट होती. बाई उताण्या झोपल्या होत्या. पायाला वजन लावून तो ताणून ठेवलेला. पाळकांना बघून त्यांनी विस्कटलेले केस सारखे करायचा प्रयत्न केला.

"या, साहेब. बसा. ते स्टूल ओढून घ्या, त्याचा एक पाय आखूड आहे, जपून."

पाळक बसले. बाई स्वतःच बोलू लागल्या. शाळेत मुलांना गोष्ट सांगत तशी त्यांनी आपल्या पडण्याची गोष्ट सांगितली. "मी खिडकीतच होते. तुमची गाडी दिसली. म्हटलं, आले साहेब, दार उघडून ठेवावं, त्यांना ताटकळत ठेवायला नको. लगबगीने उठले आणि मोरीजवळ पाय घसरला. माझी मेलीची घाई. तुम्ही बेल वाजवली असणार, पण मला पडल्यापडल्या काही सुचेना. आणि तुम्हाला वाटलं असेल, बाई झोपल्या. म्हणून परत गेलात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

पाळक खाली मान घालून ऐकत होते. त्या म्हाताऱ्या बाईने त्यांच्यासाठी अख्खी सबब तयार करून ठेवली होती. नुसतं "हो ना" म्हटलं की झालं असतं. त्यांच्या ओठांवर ते आलंही. वेळ मारून न्यायची त्यांना आता सवय होती.

"बाई," ते म्हणाले, "मी बेल वाजवली नाही."

"म्हणजे?"

"मी गाडीतून उतरलोच नाही. तिथेच बसलो आणि निघून गेलो. त्याआधीच्या आठवड्यातही तसंच केलं."

बाईंना अर्थ लागायला वेळ लागला. तो लागला तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. शेजारच्या खाटेवरची बाई या दोघांकडे बघू लागली, मग तिने कूस बदलली.

"का?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही. उतरता येत नव्हतं."

"माझ्याकडेच?"

"सगळ्यांकडेच."

बाईंनी मान खिडकीकडे फिरवली. पाळकांना वाटलं, रडताहेत की काय, पण त्या रडत नव्हत्या.

"मी तिथे जमिनीवर पडून प्रार्थना करत होते," त्या शेवटी म्हणाल्या, "की साहेब परत येऊ देत."

दुसरं काही सुचेना म्हणून पाळकांनी विचारलं, "प्रार्थना करू का?"

"आज नको." त्यांचा आवाज कडक नव्हता, दमलेला होता. "मला पाणी द्या तेवढं."

पाळकांनी तांब्यातलं पाणी ओतून दिलं, मानेखाली हात घालून त्यांना उचललं. पाणी पिऊन झाल्यावर बाई म्हणाल्या, "शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर एक गुरुजी होते. शेवटी शेवटी ते फळ्याकडे तोंड करूनच शिकवायचे. मुलांना सगळ्यात आधी कळलं. आम्ही शिक्षक मूग गिळून बसलो. वाटलं, उगाच कशाला कुणाच्या पोटावर पाय आणा. त्यांचं काही चांगलं झालं नाही." त्या थांबल्या. "तुम्ही पंचांना सांगा. मी सांगणार नाही, ते तुम्हीच सांगायचं. आणि आता जा, माझा पाय ठणकतोय."

पाळक बाहेर आले. इस्पितळाच्या जिन्यात ते कठड्याला धरून उभे राहिले. खूप दिवसांनी त्यांना काहीतरी होत होतं, पण ते चांगलं नव्हतं. खालच्या मजल्यावर बायको एक्स-रेच्या खोलीबाहेर कुणाला तरी रांगेत उभं करत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, सहकारिणीला काहीतरी सांगितलं आणि ती जिना चढून आली. त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. लोक त्यांना वळसा घालून वरखाली करत राहिले.

पंचांची खास बैठक बोलावली गेली. पाळकांनी गाडीचं सांगितलं, पुलापलीकडचं सांगितलं, बाईंचं सांगितलं. "मी तुम्हाला जुनेच उपदेश ऐकवतोय," ते म्हणाले, "आणि आता प्रार्थना करताना पलीकडे कुणी ऐकतंय, असं मला जाणवत नाही."

हे शेवटचं वाक्य सगळ्यांना जड गेलं. आधीचं लोकांना पचलं असतं. सगळ्यात वयस्कर पंच म्हणाले, "साहेब, हे तुम्ही बोलायला नको होतं. उपवास करा. प्रार्थना वाढवा. सैतान पुढाऱ्यालाच आधी गाठतो."

दुसरे एकजण म्हणाले, "मग राजीनामा द्या. उगाच झाकपाक कशाला?"

सचिव सगळ्यांत शेवटी बोलले. "माझ्या दुकानात रोज माणसं येतात. पाठदुखीची गोळी मागतात, झोपेची मागतात. मी विचारतो, शेवटची सुट्टी कधी घेतली? त्यावर हसतात. आपण साहेबांना कधी विचारलं?" त्यांनी टेबलावर बोट टेकवलं. "ते माझ्याशी खोटं बोलले, त्याचा मला राग आहे. तो जाईल तेव्हा जाईल. पण यांना सुट्टीवर पाठवलं नाही, तर पुढच्या पाळकाचंही आपण हेच करणार."

वाद झाला, आवाज चढले. शेवटी लांब मुदतीची रजा ठरली, चर्चने दिलेलं घर सोडायला लागणार नाही हेही ठरलं, आणि शेजारच्या मंडळीतले एक निवृत्त पाळक उपासना चालवतील असं ठरलं. वयस्कर पंच सही न करता उठून गेले.

गोष्ट आत राहते थोडीच? आठवडाभरात ती मंडळीत सगळीकडे पसरली, आणि प्रत्येकाच्या तोंडी थोडी वाढली. कुणी म्हणालं, पाळकांचा विश्वासच उडालाय. कुणी म्हणालं, बाई मरता मरता वाचल्या. दोन घरांनी रस्त्यात बोलणं टाकलं. मुलीला कॉलेजात कुणीतरी काहीतरी बोललं. ती घरी येऊन खोलीत गेली. संध्याकाळी बाहेर आली आणि बापाला म्हणाली, "मी नक्कल करायला नको होती."

"तू केलीस म्हणून तर मला दिसलं," पाळक म्हणाले. "बाकीचे टाळ्या वाजवत होते."

रजेतले पहिले दिवस त्यांनी नुसते झोपून काढले. मग बायकोने इस्पितळातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या मनाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी औषध दिलं आणि दर आठवड्याला यायला सांगितलं. पाळक जात राहिले. तिथे खुर्चीत बसायचं आणि समोरचा ऐकतोय, आपण बोलतोय, ही उलटी तऱ्हा त्यांना फार अवघड गेली.

एका दुपारी रंगाऱ्याची आई दारात आली. बायको कामावर होती. पाळकांनी आत या म्हटलं, पण ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"एकच विचारायचंय," ती म्हणाली. "माझ्या मुलाच्या वेळी तुम्ही जे बोललात... तेव्हाही तुमचं असंच होतं का?"

पाळकांना कळत होतं की नाही म्हटलं तर ही बाई शांत झोपेल. ती त्यांच्यासाठी सबब घेऊन आली नव्हती.

"हो," ते म्हणाले. "मी वाचलं ते खरं होतं. मी तिथे नव्हतो."

तिने पदराचं टोक मुठीत धरलं. "मी रोज रात्री ते शब्द आठवत होते," ती म्हणाली. "आता काय आठवू?"

पाळकांनी तिच्या मुलाबद्दल विचारलं. त्याला काय आवडायचं, कुठला रंग लावायला त्याला आवडायचा. विचारताना त्यांच्या लक्षात आलं, दफनाच्या आधी आपण हे विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, त्याला छतं रंगवायला आवडायची, वर बघून बघून मान दुखायची, मग घरी येऊन म्हणायचा, आई, मान चोळ. पाळकांचे डोळे भरून आले. चष्म्याकडे त्यांचा हात गेला नाही. तिने ते पाहिलं, आणि माफ केल्याचं काही न बोलता पायऱ्या उतरून गेली. पुढे ती उपासनेला येईनाशी झाली. दुसऱ्या मंडळीत जाते असं कळलं.

बाई चालू लागल्या, आधार घेऊन. त्यांना भाचीने आपल्याकडे नेलं. पाळक तिकडे दोनदा गेले. एकदा बाई बोलल्या, एकदा झोपून होत्या.

रजा संपत आली तेव्हा पंचांनी विचारलं, कधीपासून उभे राहाल? पाळक म्हणाले, "पुलपिटवर अजून नाही. कदाचित कधीच नाही. मला आजाऱ्यांकडे जाऊ द्या, तेही थोड्याच घरी, आणि सोबत कुणीतरी द्या." पगार अर्धा झाला. नवे पाळक आले, वयाने तरुण, आवाज मोठा, हातचं काही राखून न ठेवणारे. त्यांना बघून पाळकांना कौतुकही वाटलं आणि भीतीही. पहिल्याच भेटीत ते त्या तरुणाला म्हणाले, "आठवड्यातला एक दिवस तुमचा ठेवा. कुणी मेलं तरी." तरुण पाळक हसले. पाळक हसले नाहीत, तेव्हा त्यांचं हसू मावळलं.

नव्या पाळकांच्या पहिल्या रविवारी पाळक पहिल्यांदाच झगा न घालता चर्चमध्ये आले आणि मधल्या बाकावर बायकोशेजारी बसले. इतक्या वर्षांत ते कधी तिच्या शेजारी बसले नव्हते. गीत सुरू झालं. बायकोने पुस्तक दोघांच्या मध्ये धरलं आणि गाऊ लागली. पाळक ऐकत राहिले. ती भयंकर बेसूर गात होती. मनापासून, मोठ्याने, प्रत्येक ओळ चुकीच्या जागी चढवत.

कडवं संपल्यावर ते तिच्या कानाशी म्हणाले, "तू नेहमी अशीच गातेस?"

"लग्नाच्या आधीपासून," ती म्हणाली. "तुम्ही पुढे असता, तुम्हाला काय कळणार?"

मग प्रार्थनेसाठी सगळ्यांनी माना खाली घातल्या. तरुण पाळकांचा आवाज भरदार होता. पाळकांनी डोळे मिटले आणि वाट पाहिली. काही आलं नाही. शब्दही नाहीत, पूर्वीची ऊबही नाही. समोर मिटलेल्या डोळ्यांतला काळोख, आणि दंडाला लागलेला बायकोचा दंड. त्यांना उठून बाहेर जावंसं वाटलं. ते बसून राहिले, आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं तेव्हा त्यांनी म्हटलं नाही.